हरायचा गुत्ता

हर्रासात हरायचं कसं, हे कोळगिरीच्या वीरप्पा वाण्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. चिंचेच्या झाडांचा हर्रास असो, बाजारच्या जकातीचा असो, नाहीतर बदलून गेलेल्या तहसीलदाराच्या पलंग-खुर्च्यांचा असो, वीरप्पा पुढच्या रांगेत मांडी ठोकून हजर. समोरचा एक पायरी चढला की हा दोन चढायचा, त्याला नको त्या आकड्यावर नेऊन बसवायचा आणि आपण अलगद खाली उतरून चंची सोडायचा. त्याच्यामुळं चढ्या भावात चिंचा घेतलेली माणसं वर्षभर आंबट तोंडानं हिंडायची. सगळ्या जन्मात एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. वर बोलेल त्याच्या गळ्यात पडतं, खाली बोलेल तो सुटतो. सरकार मधी येऊन हे उलटं करील, असं त्याच्या बापालाबी सपनात वाटलं नसतं.

पण सरकारच ते! त्याला सुलटं सुचलं तर सरकार कशाला म्हणायचं? लढाईचं चौथं साल होतं. जपान कुठं आणि कोळगिरी कुठं, पण तिकडं तोफ वाजली की इकडं हैदराबादेहून एक नवा कायदा सुटायचा. त्या थंडीत सुटला तो असा: कचेऱ्या म्हणं एकाच माणसाकडून माल घेतात आणि आत खाबुगिरी चालते. तर यापुढं सुई घ्यायची झाली तरी तीन जणांचे बंद लिफाफे मागवायचे, चारचौघांत फोडायचे, आणि ज्याचा भाव सगळ्यांत कमी त्याला गुत्ता, म्हणजे ठेका, द्यायचा.

कायदा वाईट नव्हता. त्यात खोट एवढीच, की कोळगिरी म्हणजे लोहाऱ्याच्या वाटेवरचं, नावाला तहसिलीचं गाव. इथं प्रत्येक वस्तूचा विकणारा एकेकच. मडकी एकाची, चाबूक एकाचा, आणि कोंबड्या एकट्या मदारसाबच्या.

त्यात अव्वल तालुकदारसाहेबांचा, म्हणजे सबंध जिल्ह्याच्या धन्याचा, दौरा ठरला. संक्रांतीच्या आधी साहेब येणार, ओढ्याकाठच्या आमराईत तंबू पडणार, आणि तंबू पडले की रोज कोंबड्या लागणार. मदारसाब नेहमीसारखा कचेरीत गेला, तर पेशकारानं, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालच्या कारकुनानं, त्याच्यापुढं तीन बोटं नाचवली.

"तीन लिफाफे पाहिजेत, मदार."

"पण हुजूर, कोंबडीवाला मी येकटाच हाय."

"मग दोन आणखी पैदा कर. त्यांनी फक्त हरायचं. सरकारला हरणारे लागतात बाबा! हरणारे नसले तर जिंकणारा कायद्यात बसत न्हाई."

मदारसाबनं एक हरणारा लगेच गाठला, धोंडीबा शिंपी. त्याला आकडा घोकून घोकून पाठ करायला लावला. दुसरा हरणारा म्हणून तो वीरप्पाच्या दुकानात आला. कारण असं, की मागच्या पावसाळ्यात वीरप्पाची गूळभरली गाडी ओढ्यात रुतली होती तेव्हा मदारसाबनंच बैल जुंपून ती बाहेर काढली होती. उपकार होता. पण खरं सांगायचं तर नुसत्या उपकारानं वीरप्पा हलला नसता. त्याला हलवलं ते कचेरीच्या नावानं. भरल्या कचेरीत आपल्या नावाचा लिफाफा फुटणार, तहसीलदार मोठ्यानं नाव वाचणार, या विचारानं त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

"पर कोंबडीचं नाव काढू नको रं दुकानात," तो आवाज खाली करून म्हणाला. "काठीचा म्हैना हाय."

हा काठीचा महिना म्हणजे काय, ते सांगायलाच पाहिजे. कोळगिरीत संक्रांतीला सिद्धलिंगाची जत्रा भरते. त्यात नंदीध्वज निघतो, त्यालाच गाव मानाची काठी म्हणतं. ताडासारखी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात उभी धरायची आणि मठापासून देवळापर्यंत न टेकवता न्यायची. हा मान वीरप्पाच्या घरात त्याच्या पणज्यापासून चालत आलेला. मानाला अट एकच. आधीचा महिनाभर घरात कडक मडी पाळायची. मडी म्हणजे सोवळं हो! मांसमच्छीचा वारा लागू द्यायचा नाही, असल्या व्यवहारात बोट बुडवायचं नाही. बुडवलं तर काठी जाणार शेजारच्या महालिंगप्पाच्या कमरेला. आणि महालिंगप्पानं त्यासाठी बारा वर्षांपूर्वीच पट्टा शिवून ठेवला होता, दर दिवाळीला त्याला तेल लावून उन्हात टाकायचा, तेसुद्धा वीरप्पाच्या दारासमोर.

"अण्णा, कोंबड्या माझ्या, गुत्ता माझा," मदारसाब म्हणाला. "तुमचं फक्त नाव. तुमी तर हरनार! हरल्याला कसला इटाळ?"

हे वीरप्पाला पटलं. हरल्याला कसला विटाळ!

"बरं, तर आकडा सांगतो, म्या बारा आने लावनार, तुमी..."

"गप रं!" वीरप्पा खवळला. "मला हराया शिकवतो व्हय? सारी हयात हर्रासात गेली माझी. तू तुझं बघ. म्या असा हरतो का न्हाय, की तहसीलदार खुर्चीतून पडंल."

तेवढं मात्र त्यानं खरं करून दाखवलं.

अर्ज लिहिणाऱ्याकडं जाऊन त्यानं विचार केला. हरायचं म्हणजे खाली राहायचं. मदार बारा आण्यांवर बसलाय. आठ म्हटलं तर उगं जवळ जातंय, चार म्हटलं तरी धोका. धोका कशाला घ्या? "लिहा," तो म्हणाला, "कोंबडीला येक आना." अर्ज लिहिणाऱ्यानं एकदा चष्म्यावरून बघितलं, पण त्याला पैसे लिहायचे मिळत होते, शहाणपणाचे नव्हते. त्यानं लिहिलं, लाख लावून लिफाफा बंद केला.

लिफाफे फुटायच्या दिवशी वीरप्पा डोक्याला नवा रुमाल बांधून, कपाळभर विभूती लावून कचेरीत गेला. स्वतःचं हरणं बघायला एवढा नटून गेलेला माणूस त्या कचेरीनं पहिल्यांदाच पाहिला असेल. तहसीलदार तसा भला माणूस, हैदराबादकडचा, पानाच्या डब्याशिवाय त्याचा कशावर जीव नाही. त्यानं पहिला लिफाफा फोडला: मदारसाब, बारा आणे. दुसरा फोडला: धोंडीबा, चौदा आणे. वीरप्पाला धोंडीबाची कीव आली. येडं शिंपी, वर चढून बसलंय, आता पडणार याच्याच गळ्यात! तिसरा फोडला आणि तहसीलदाराच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

"वीरप्पा वल्द धोंडप्पा. मुर्गी... एक आना?" त्यानं कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला. मग उठून उभाच राहिला. "मुबारक हो, वीरप्पा! गुत्ता तुम्हारा!"

वीरप्पानं हसून हात जोडले. त्याला वाटलं, हरल्यावरही मुबारक म्हणायची या लोकांत रीत असेल, अदबशीर लोक आहेत. मग मदारसाबचं तोंड दिसलं. ते पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"साब," वीरप्पा हळूच म्हणाला, "म्या तर सगळ्यात खाली हाय."

"उसी लिए तो! जो सबसे कम बोला, माल उसी का."

वीरप्पाच्या पायाखालची जमीन म्हणतात ती सरकली. "आवं पर खाली बोलनाऱ्याला कसं मिळंल? ही काय रीत झाली का? मला न्हाय पायजे साब, माझी चूक झाली, मदारला द्या!"

पेशकारानं त्याला बाजूला घेऊन समजावलं, म्हणजे घाबरवलं. गुत्ता घेऊन माल दिला नाही तर हवालात. गुत्ता दुसऱ्याला परस्पर दिला तर हवालात. आणि माल गुत्तेदारानं स्वतः, रोज सकाळी, स्वतःच्या हातानं तंबूवर पोचता करायचा. "तुमच्यासारख्या धर्मात्म्याची सरकारला फार गरज आहे," असं वर म्हणून त्यानं वीरप्पाची पाठ थोपटली. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, ते असं.

कचेरीबाहेर मदारसाबनं त्याला गाठलं. त्या गरिबाची वर्षाची कमाई बुडाली होती, पण वीरप्पाचा अवतार बघून त्याला रागावतासुद्धा येईना. "अण्णा," तो म्हणाला, "आता करायचं काय?"

"तुझ्या कोंबड्या मला दे, बाजारभावानं. आन् कुनाला बोलू नको. तुझ्या पिराची आन हाय तुला."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला डोक्यावर डालगं, डालग्यावर ओलं फडकं, आणि आडवाटेनं वीरप्पा आमराईकडं निघाला. महिनाभर जे हात मडीत ठेवायचे त्या हातांनी तो कोंबड्यांचे पाय बांधत होता आणि दर गाठीला "सिद्धलिंगा, माफ कर" म्हणत होता. नशीब बघा, वाटेत ओढ्यावर आंघोळ करून येणारा महालिंगप्पाच भेटला.

"काय वो, इतक्या सकाळी? डालग्यात काय?"

"वांगी," वीरप्पा म्हणाला. "साहेबाला भरल्या वांग्याची लई आवड."

तेवढ्यात एक वांगं ओरडलं. महालिंगप्पानं कान टवकारले. "वांगी बोलत्यात व्हय तुमच्याकडली?"

"आमच्या घरात येका मला सोडून सगळी बोलत्यात," असं म्हणून वीरप्पा जो सुटला तो तंबूशीच थांबला.

महालिंगप्पाला चुकवलं, पण मल्लम्माला कोण चुकवणार? वीरप्पाची बायको म्हणजे मडीच्या बाबतीत मठाच्या स्वामींच्या, अप्पांच्या, वरताण. तो घरी येऊन जेवायला बसला, रुमाल सोडला, आणि रुमालातून एक तांबडं पीस निघून हळूहळू तरंगत ताटातल्या भाकरीवर येऊन बसलं.

"अय्यो शिवने!" मल्लम्मा ओरडली. हातातली पळी खाली पडली. "ह्ये काय?"

वीरप्पानं चिमणीचं आहे, असं म्हणून बघितलं. चिमणी एवढी मोठी कुठली, असं तिनं विचारलं. मग तो रडकुंडीला येऊन सगळं बोलून गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं ताट उचललं, गोठ्यात नेऊन म्हशीच्या शेजारी ठेवलं आणि परत येऊन चुलीकडं तोंड करून ती म्हणाली, "तुमी तितं जेवायचं आता. माझ्या सासऱ्यानं मरताना काठी तुमच्या हातात दिलती, आन् तुमी त्याच हातात कोंबड्या धरल्या. मला कुनाला तोंड दावायची सोय ठिवली न्हाय तुमी."

"अगं, म्या हरायला गेलतो!"

"तेबी धड जमलं न्हाय तुमास्नी," ती म्हणाली. त्या वाक्यानं वीरप्पाला जेवढं लागलं तेवढं हवालातीच्या नावानंही लागलं नव्हतं. म्हशीनं त्याच्या भाकरीचा वास घेतला तरी त्यानं तिला हटकलं नाही.

चार दिवस असेच गेले. मग मदारसाबनं एक तोड काढली. तो म्हणाला, "अण्णा, कायद्यात येक भोक हाय. माल नापसंत झाला तर गुत्ता मोडतो, आन् पुढच्या कमी भाववाल्याला जातो. म्हंजी मला."

वीरप्पाच्या जिवात जीव आला. "मग मला तुझ्याकडची सगळ्यात वंगाळ कोंबडी दे!"

तेवढी हौस मदारसाबनं पुरेपूर भागवली. मान सोललेल्या, शेपूट झडलेल्या, एका डोळ्यानं जगाकडं बघणाऱ्या, मदारच्या आजीनं पाळलेल्या असाव्यात अशा कोंबड्या त्यानं कुठून कुठून गोळा केल्या. एक तर इतकी म्हातारी होती की तिला डालग्यातून काढून ठेवली तिथंच बसून झोपली. वीरप्पा ते डालगं नाचतच घेऊन गेला.

बावर्चीनं फडकं उचललं, कपाळावर हात मारला आणि वीरप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वीरप्पाला ते भजनासारखं गोड लागलं. मग पेशकार आला. त्यानं कोंबड्यांकडं बघितलं, कोंबड्यांनी, ज्यांना दिसत होतं त्यांनी, त्याच्याकडं बघितलं. आणि पेशकारानं कागदावर लिहिलं: "माल उम्दा. पसंद."

"आवं उम्दा कुठं?" वीरप्पा कळवळला. "ही बघा, हिला पिसंच न्हाईत! ही मेलीय का जित्ती हाय ते मलाबी ठावं न्हाय!"

"वीरप्पा," पेशकार थंडपणे म्हणाला, "तहसीलदारसाहेबांनी हैदराबादला लिहून टाकलंय, की नव्या कायद्यानं आमच्या तालुक्यात कोंबडी एक आण्याला मिळाली. वरून शाबासकी आलीय. आता माल खराब म्हणालो तर शाबासकी परत द्यावी लागंल. शाबासकी परत द्यायचा कागदच सरकारात न्हाई."

दुसऱ्या दिवशी वीरप्पानं कोंबड्यांऐवजी सगळे कोंबडे नेले. "उम्दा." तिसऱ्या दिवशी मुद्दाम निम्मेच नेले. पेशकारानं पुरे लिहून घेतले, "उम्दा." एवढं सरकारनं कधी कुणाचं चालवून घेतलं नव्हतं. जगात माणसाला पास व्हायला मरमर करावी लागते, आणि हा पठ्ठ्या नापास व्हायला मरत होता, तर पहिला नंबर काही सुटत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याला कळेना. काल दिलेली सोललेल्या मानेची कोंबडी आज आमराईत पाचोळा उकरत हिंडताना दिसायची. ती झोपाळू म्हातारी तर तहसीलदाराच्या घोड्याच्या पाठीवर चढून ऊन खात बसलेली. आणि तंबूतून तर रोज कोंबडीच्या सालनाचा घमघमाट. वीरप्पानं नाक दाबलं आणि फार विचार केला नाही. विचार करूनच तर तो इथवर आला होता.

संक्रांत आली. वीरप्पानं पहाटे सात घागरी अंगावर ओतल्या, हात राखेनं घासले, शेणानं घासले, परत राखेनं घासले. गाववाल्यांपैकी कुणाला काही माहीत नव्हतं. मदारसाबनं आण पाळली होती, मल्लम्मानं तोंड शिवलं होतं. मल्लम्मा मात्र सकाळपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पांढरी बाराबंदी घालून तो मठात गेला, अप्पांच्या पाया पडला, आणि "हर्र बोला हर्र!"च्या गजरात काठी त्याच्या कमरेच्या पट्ट्यात उभी राहिली. वर झेंडूच्या माळा हलल्या. वीरप्पाला वाटलं, सुटलो. देवळापर्यंत पोचायचं आणि मग पुढच्या संक्रांतीपर्यंत कुणाचा बाप काही करू शकत नाही.

मिरवणूक चावडीपाशी आली आणि थांबली. समोर खुर्च्या मांडलेल्या. मधल्या खुर्चीत अव्वल तालुकदारसाहेब, गळ्यात गावानं घातलेला गुलाबाचा हार, शेजारी तहसीलदार नव्या शेरवानीत. साहेब दौरा संपवून निघाले होते, जाता जाता जत्रा बघायला थांबले होते. तहसीलदार पुढं झाला, खाकरला, आणि भर जत्रेत, अप्पांसमोर, पाच गावच्या लोकांसमोर ओरडला:

"हुज़ूर की ख़िदमत में पेश है, इस तालुक़े का सबसे ईमानदार मुर्गी गुत्तेदार, वीरप्पा!"

हलगी थांबली. झांजा थांबल्या. कोळगिरीत उर्दू सगळ्यांना येत नव्हतं, पण मुर्गी कुणाला समजत नाही?

साहेब उठून काठीजवळ आले. चेहऱ्यावर कौतुक. "तुम ही हो वह वीरप्पा? मुर्गीवाले?"

वीरप्पाला एका क्षणात सगळं दिसलं. महालिंगप्पा पुढं सरकलेला, अंगरख्याखाली तेल लावलेला पट्टा बांधूनच आलेला. बायकांच्या घोळक्यात मल्लम्मा, हातात तांब्या. काठी धरून जो देवळाशी येतो त्याच्या पायावर घरच्या बाईनं पाणी घालायचं, ही रीत. न घालता तांब्या परत नेला तर गावानं काय समजायचं ते समजावं. दुसरा कुणी वीरप्पा असेल साहेब, एवढंच म्हणायचं होतं. गावात आणखी दोन वीरप्पा होते. पण कमरेत काठी होती, आणि पणज्यापासून कुणी काठी धरून खोटं बोललं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच तो."

गर्दीतून बाया-माणसांचा एक श्वास सुटला. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. "शाबाश! बोलो, सरकार से क्या चाहते हो?"

आणि वीरप्पाच्या पोटात इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. दोन्ही हात काठीला, डोळ्यांत पाणी, आणि जमेल तेवढ्या उर्दूत तो रडत ओरडला, "साब, हमको कुछ नको! हमको फकत हार होना था! हार! मै हार के वास्तेच आया था, साब, और ये लोगां मेरेकू हार दियेच नई!"

साहेब दोन पावलं मागं सरकले. मग त्यांचा चेहरा उजळला. इतका साधा माणूस! जहागीर मागत नाही, मनसब मागत नाही. त्यांनी तहसीलदाराकडं रागानं बघितलं, एवढ्याशा गोष्टीसाठी याला रडवलंत म्हणून, आणि स्वतःच्या गळ्यातला गुलाबाचा हार काढून वीरप्पाच्या गळ्यात घातला. "लो भाई, हार!"

तो हार वीरप्पाच्या छातीवर, बरोबर गळ्यातल्या लिंगावर येऊन बसला. हात काठीला असल्यामुळं त्याला काढता येईना. सगळी जत्रा बघत होती. एक म्हातारं फिसकन हसलं, मग त्याच्या शेजारचं हसलं.

महालिंगप्पा मात्र हसला नाही. तो अप्पांपुढं हात जोडून उभा राहिला. "अप्पा, ऐकलं न्हवं? मडीत कोंबड्या इकल्या यानं. जीव कापाया दिलं. काठी इटाळली. द्या हिकडं."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या पोटावरच्या फुगवट्याकडं पाहिलं, आणि वीरप्पाला विचारलं, "कितीला इकत घेतलं, कितीला इकलं?"

"घेतल्या बाजारभावानं, दिल्या येका आन्याला. म्या हरायला गेलतो, अप्पा. खाली बोललो तर सुटंन असं वाटलं." वीरप्पाला आता लाज लपवायचंही त्राण नव्हतं. "पन जीव गेले असतील त्यांचं पाप माझंच हाय. द्या काठी त्याला."

"येकबी गेला न्हाय!"

गर्दीतून मदारसाब पुढं घुसला. पिराच्या आणेवर थुंकून त्यानं तोंड उघडलं. "अप्पा, तुमच्या पाया पडून सांगतो. अण्णाच्या कोंबड्या पयल्या दिसापास्नं बावर्चीनं हातात धरल्या न्हाईत, येका आन्याच्या कोंबडीवर त्याचा इस्वासच न्हवता. आन् मागनं आलेली असली हाडकं सायबाच्या ताटात वाढली तर दात पडतील सायबाचे! सायबानं खाल्ल्या त्या माझ्या. माझ्याकडनं रोज घेतल्या, रुपयाला येक, आन् हिशेबात लिवलं घोड्याची चंदी, म्हंजी खुराक. बोललास तर हवालात, असा पेशकारानं मला दम दिलता. अण्णाची सगळी फौज आमराईत जित्ती हाय. जाऊन मोजा."

हे सगळं कानडी-मराठीच्या खिचडीत चाललं होतं म्हणून बरं. तरी तहसीलदाराला घोड्याची चंदी तेवढी बरोबर समजली आणि तो घामानं भिजला.

"ये क्या बोल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"दुआ दे रहा है हुज़ूर," तहसीलदार म्हणाला. "आपकी सेहत के लिए. और घोड़ों की."

अप्पा वयानं ऐंशीचे. त्यांना हसताना गावानं पाहिलेलं नव्हतं. आधी त्यांचे खांदे हलले, मग दाढी, आणि मग ते काठीच्या बुंध्याला धरून असे हसले की वरच्या माळा सुटल्या. डोळे पुसत ते म्हणाले, "महालिंगप्पा, जीव इकून पैसा केला तर ते पाप. पदरचा पैसा घालून म्हाताऱ्या कोंबड्या मरनातनं सोडवल्या, त्याला काय म्हनायचं रं? पुन्य म्हनाया माझी जीभ वळत न्हाय, कारन ते त्यानं अक्कल घालवून केलंय. पर अक्कल गेली म्हनून मान जात न्हाय. तसं असतं तर गावात कुनाचाच मान राह्यला नसता. वाजवा रं!"

हलगी कडकडली. "हर्र बोला हर्र!" आता लोक त्या "हर्र"वर जरा जास्तच जोर देत होते, आणि मागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलंसुद्धा. वीरप्पानं मान वळवली नाही. कंबर अवघडली होती, गुलाबाच्या पाकळ्या नाकात जात होत्या. देवळाच्या पायऱ्यांपाशी बायका दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या. पहिल्या पायरीला मल्लम्मा.

वीरप्पा थांबला. काठी थांबली, हलगी थांबली. आरवणाराही गप्प झाला. मल्लम्मानं खाली बघितलं, त्याच्या राखेनं आणि शेणानं घासून सोललेल्या हातांकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग ती वाकली आणि तांब्यातलं सगळं पाणी, एक थेंब न ठेवता, त्याच्या पायांवर ओतलं.

उठताना फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "आज घरात जेवा."

वीरप्पा नुसता मान हलवत राहिला, आणि मानेबरोबर गुलाबाचा हार हलत राहिला.

"त्यो मातर," मल्लम्मा पदर सावरत म्हणाली, "गोठ्यात काढून ठिवा. म्हस खाईल."